किल्ली कुणाकडे?

भावोजी: वहिनी, मुलांना आमच्याकडे राहायला पाठवण्याआधी तुम्ही बंदुकीचं विचारलंत, त्याचा मला अजिबात राग आला नाही. टेक्सासमध्ये राहून हा प्रश्न न विचारणारे आईबापच मला बेफिकीर वाटतात. तर हो, आहे. बारा गेजची पंप ॲक्शन शॉटगन, आमच्या बेडरूमच्या क्लॉझेटमध्ये सगळ्यात वरच्या फळीवर, रजयांच्या मागे. मला शिकारीचा शौक नाही, हे तुम्हाला माहीत आहे. २०११ ते २०१४ या काळात एका टोळीने टेक्सास, मिशिगन, ओहायो, जॉर्जिया आणि न्यूयॉर्कमध्ये आशियाई घरं हेरून दरोडे घातले. भारतीय कुटुंबं त्यात होतीच, कारण आपल्या घरात सोनं असतं हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. माणसं घरात असताना ते आत शिरले, त्यांना बांधून घातलं आणि दागिने नेले. टोळीतल्यांना शिक्षा झाल्या, पण आपल्या घरात सोनं असतं ही माहिती काही तुरुंगात गेली नाही. पोलीस कितीही लवकर आले, तरी ते येईपर्यंतची मिनिटं माझी मलाच काढायची आहेत. त्यासाठी बंदूक आहे, आणि त्यासाठीच ती हाताशी हवी.

वहिनी: भीती खरी आहे, भावोजी. तिला मी खोटी म्हणणार नाही, मंगळसूत्र मीही घालते. पण तुम्ही आत्ता 'वरची फळी' म्हणालात, आणि मुलांच्या इमर्जन्सीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, हे दोन शब्द आम्ही किती वेळा ऐकतो. वरची फळी, गादीखाली, सूटकेसच्या मागे. 'मुलांना माहीतच नव्हतं हो!' ॲलाबामाच्या ग्रामीण भागात २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आईबापांना आणि मुलांना वेगवेगळं बसवून विचारलं. आमच्या मुलांना बंदुकीची जागा ठाऊक नाही असं छातीठोक सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांना त्यांच्याच मुलांनी खोटं पाडलं. मुलांनी कधी हात लावला नाही म्हणणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांची मुलं म्हणाली, लावलाय. दिवाळीचे दिवे तुम्ही त्याच क्लॉझेटमधून काढता ना? मग तिथे काय काय आहे हे तुमच्या मुलीला तुमच्याहून चांगलं माहीत असणार.

भावोजी: जागा माहीत असणं आणि बार उडणं यात अंतर आहे. नळीखालच्या ट्यूबमध्ये चार काडतुसं असतात, पण चेंबर रिकामं असतं. नुसता चाप ओढून काही होत नाही. पुढची पकड मागे खेचून पुढे ढकलायची, सेफ्टी काढायची, मग चाप. हे मी विचार करून ठरवलंय. रेमिंग्टन ८७० घ्या, १९५० पासून बनतेय, किंवा तिच्यासारखी दुसरी कुठलीही घ्या, अशा बहुतेक बंदुकांत सेफ्टी फक्त चाप अडवते, आतली पिन मोकळीच राहते. चेंबरमध्ये काडतूस ठेवून बंदूक जोरात आपटली, तर चापाला बोट न लागताही बार उडू शकतो. म्हणून मी चेंबर कधीच भरत नाही. आणि दुसरं, मी मुलीला शिकवलंय. लपवलं की कुतूहल वाढतं. आपल्या आजोबांची बंदूक आठवा. सिंधुदुर्गातल्या घरात शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बारा बोअर माजघराच्या भिंतीवर उघडी टांगलेली असायची. आम्ही सगळी भावंडं तिच्याखाली जेवलो, खेळलो. कुणी हात लावला? आजोबांचा धाक होता आणि शिकवण होती.

वहिनी: आधी तुमचं रिकामं चेंबर. टेक्सासच्या फौजदारी कायद्यात यासाठी वेगळं कलम आहे. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली आणि ती सुरक्षित ठेवण्यात तुमचा गंभीर हलगर्जीपणा झाला असेल, तर तो तुमचा गुन्हा. आणि 'भरलेली' म्हणजे काय, हेही त्या कलमात लिहिलंय: आत काडतुसं असली की भरलेली, चेंबरमध्ये असोत वा नसोत. बंदुकांना जीव लावणाऱ्या या राज्याच्या विधिमंडळालासुद्धा तुमची ही सबब पटलेली नाही. बाकी राहिली पकड खेचायची ताकद. आठ वर्षांच्या पोराला कदाचित जमणार नाही. बारा वर्षांच्या मुलाने सिनेमात आणि गेममध्ये ती हालचाल शेकडो वेळा पाहिलेली असते, आणि त्याला ती जमते.

आता शिकवणीचं. अटलांटात आठ ते बारा वर्षांच्या ६४ मुलग्यांना लहान लहान गटांत एका खोलीत सोडलं. ड्रॉवरमध्ये खरं पिस्तूल होतं, अर्थात निकामी केलेलं, आणि एकतर्फी काचेमागून डॉक्टर बघत होते. ४८ मुलांना पिस्तूल दिसलं, ३० जणांनी हाताळलं, १६ जणांनी चाप ओढला. हा अभ्यास २००१ सालचा आहे. ज्यांनी ते हाताळलं त्यांच्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांना बंदुकीबद्दलची शिकवण आधी मिळालेली होती. धडा त्यांना येत होता, विचारला असता तर त्यांनी तो म्हणूनही दाखवला असता. पण समोर खरी वस्तू आणि शेजारी मित्र असला की मूल वेगळं वागतं. माझी दोन आणि तुमची एक, अशी तिघं शनिवारी रात्री एकत्र असतील तेव्हा तुमच्या मुलीला एकटीला दिलेली शिकवण किती पुरेल, सांगा.

आणि आजोबांची बंदूक. ती भिंतीवर होती, पण काडतुसं कुठे होती? त्यांच्या लाकडी पेटीत, आणि पेटीची किल्ली कनवटीला. रात्री रानडुक्कर बागेत शिरल्याची चाहूल लागली की आजोबा उठायचे, पेटी उघडायचे, मग बाहेर पडायचे. डुक्कर तेवढा वेळ देतं. निवडणूक आली की तीच बंदूक महिना-दीड महिना पोलीस ठाण्यात जमा असायची, आणि घर जागच्या जागी राहायचं. बंदूक रिकामी, काडतुसं वेगळी, त्यांना वेगळं कुलूप. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स आज नेमकं हेच सांगते. बंदूक नसलेलं घर मुलांसाठी सगळ्यात सुरक्षित, हे ती आधी सांगते, आणि असेलच तर मग हे. २००५ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासातही बंदूक कुलपात, बंदूक रिकामी, काडतुसं कुलपात आणि काडतुसं वेगळ्या जागी या चारही सवयींचा प्रत्येकी स्वतंत्र फायदा दिसला. आजोबांचा धाक होताच, पण तुम्हा भावंडांना वाचवलं ते पेटीने.

भावोजी: पेटीचं मला कधी सुचलं नव्हतं, हे कबूल. पण तुम्हीच म्हणालात, डुक्कर वेळ देतं. माणूस देत नाही. रात्री दोन वाजता दार फुटल्याचा आवाज आला, अंधार आहे, हात थरथरताहेत, आणि मी एका कपाटातून बंदूक, दुसऱ्यातून काडतुसं काढून एकेक ट्यूबमध्ये सारतोय! तुमच्या ॲकॅडमीचा सल्ला प्रामाणिकपणे वाचला तर त्याचा अर्थ एवढाच होतो की बंदूक ठेवा, पण ती कामाला येणार नाही अशी ठेवा. वॉशिंग्टन डीसीत असाच कायदा होता. घरातली बंदूक रिकामी आणि सुटी करून, नाहीतर ट्रिगर लॉक लावून ठेवायची. २००८ साली हेलर खटल्यात सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्द केला. कारण उघड होतं, अशी बंदूक स्वसंरक्षणाच्या मूळ कामालाच निरुपयोगी होते. आणि मी आकडे फुगवून सांगत नाही. न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागाने २००३ ते २००७ च्या घरफोड्यांचा हिशेब केला, वर्षाला सरासरी ३७ लाख. त्यातल्या साधारण २८ टक्क्यांत घरात कुणीतरी होतं. त्या २८ टक्क्यांतही सुमारे चौथ्या हिश्शातच माणसांवर हिंसा झाली. म्हणजे बहुतेक चोरांना रिकामं घर हवं असतं, हे मला माहीत आहे. पण ज्या घरांत हिंसा झाली, त्या घरांतल्या लोकांना सरासरी सांगून काय उपयोग?

वहिनी: काहीच उपयोग नाही. मीही सरासरीवर मुलं वाढवत नाही. पण हेलरच्या पुढेही बघा. सॅन फ्रान्सिस्कोचा नियम आहे की अंगावर नसलेलं पिस्तूल घरात कुलपात हवं. अपील कोर्टाने २०१४ साली तो वैध ठरवला, आणि आजची पिस्तुलाची तिजोरी क्षणात उघडता येते हे त्यात लक्षात घेतलं. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने त्यात हात घालायला नकार दिला. म्हणजे निकामी करणं वेगळं आणि कुलूप लावणं वेगळं, हा फरक कायद्यालाही दिसतो. तुम्हाला मात्र दोन्ही एकच वाटतात.

आता तुमच्या रात्रीच्या दोनचा हिशेब मांडू. तुम्हाला जाग येते. आवाज कसला ते कळायला वेळ लागतो. मग उठून क्लॉझेटपर्यंत जाता, फळीवर हात घालता, रजया बाजूला करता. त्यात कुलपाची चार-पाच सेकंदं मिळवली तर किती बिघडलं? त्या पाच सेकंदांवरच सगळं अवलंबून असेल, तर चोर आधीच बेडरूमच्या दारात पोचलेला आहे, आणि मीटरभर लांबीची बंदूक घेऊन तुम्ही क्लॉझेटमध्ये पाठमोरे उभे आहात. वेळ मिळवायचा तो कुलूप काढून टाकून मिळत नाही, तो दाराशी मिळवावा लागतो. चौकटीत लांब स्क्रू, मागच्या दाराला आडणा, अलार्म, सेन्सरचे दिवे, बेडरूमचं दार आतून बंद. भावोजी, तुमच्या मागच्या सरकत्या काचेच्या दाराला साधी लाकडी पट्टीसुद्धा नाही. मी गेल्या वेळी बघितलं होतं, बोलले नाही.

आणि मिळालेला वेळ तुम्हाला आणखी एका कामासाठी हवाच आहे. समोर कोण आहे ते ओळखायला. इथली घरं लाकडी चौकटीवर ड्रायवॉल ठोकून बांधलेली. बकशॉटच्या एका काडतुसात आठ-नऊ छर्रे, एकेक आठ मिलिमीटरच्या वर. ते भिंतीच्या दोन्ही पापुद्र्यांतून पार होतात. हॉलच्या पलीकडे तुमच्या मुलीची खोली आहे. मध्यरात्री पाणी प्यायला ती उठते, पाहुणे उठतात, तुमचे बाबा तर तीनदा उठतात. अर्धवट झोपेतल्या माणसाच्या हातात बंदूक पोचण्याआधी पाच सेकंदं जात असतील, तर ती मला तोट्याची वाटत नाहीत.

भावोजी: काचेच्या दाराचं खरं आहे. या आठवड्यात करतो. आणि कुलपालाही मी तयार आहे, पण कुठलं, ते जरा ऐका, कारण इथे लोक फार ढोबळ बोलतात. बाजारातली सगळी हुशारी पिस्तुलासाठी खर्च झाली आहे. उशाशी ठेवायची छोटी पेटी, बोट टेकवलं की उघडली. २००५ च्या फेडरल कायद्याने परवानाधारक दुकानदारावर कुलूप देण्याची सक्ती केली, तीही पिस्तुलासोबतच. शॉटगनवाल्याला ती नाही. १९३४ पासून खास फेडरल नोंदणीशिवाय नळी अठरा इंचांहून आखूड ठेवता येत नाही, म्हणजे दस्त्यासकट बंदूक मीटरभराची होतेच. ती उशाशी मावत नाही, ड्रॉवरमध्ये मावत नाही. म्हणून लोक ती कोपऱ्यात उभी करतात, पलंगाखाली सारतात, नाहीतर माझ्यासारखी फळीवर.

मग उरतं काय? ट्रिगर लॉक. पण तो भरलेल्या बंदुकीला लावायचा नाही, असं कंपन्या स्वतःच बजावतात. लावताना-काढताना चापापाशीच खटपट होते, आणि कित्येक ट्रिगर लॉक लावल्यावरही चाप थोडा हलतो. केबल लॉक चांगला. काडतूस बाहेर पडायच्या खिडकीतून केबल ओवली की ॲक्शन बंदच होत नाही. बंदूक उद्योगाच्या संघटनेकडून तो कित्येक पोलीस ठाण्यांत फुकट मिळतो. पण तो लावायचा तर बंदूक रिकामी हवी. उभं पोलादी कॅबिनेट घ्यावं तर स्वस्तातल्याचा पत्रा पहारीने वाकतो, आणि जाड पत्र्याची तिजोरी गॅरेजमध्येच मावते. गॅरेजमधली बंदूक रात्री दोन वाजता असून नसल्यासारखी.

राहतो तो भिंतीवरचा लॉक. पोलादी जबडा चापावर आणि ॲक्शनवर बसतो, बाकी बंदूक उघडी दिसते. जबडा बंद असताना पकड खेचता येत नाही आणि चापापर्यंत बोट जात नाही. भिंतीतल्या लाकडी खांबाला जाड स्क्रूंनी पक्का केला तर तो पोरांच्या हाती उचकटत नाही. पहार घेऊन आलेला चोर वेळ काढून तो तोडेल, हेही मान्य. २०१७ ते २०२१ या पाच वर्षांत या देशात खाजगी मालकांच्या दहा लाखांहून जास्त बंदुका चोरीला गेल्या. म्हणून सुट्टीवर जाताना ती भिंतीवर ठेवायची नाही. उघडायला मी बोटाचा ठसा घेणार नाही. २०२३ साली अशाच ठशाच्या साठेक हजार तिजोऱ्या परत मागवाव्या लागल्या. मालकाने आपला ठसा नीट नोंदवला नसेल तर त्या कुणाच्याही बोटाने उघडत होत्या, आणि मालकाला वाटायचं की कुलूप लागलंय. एका बारा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूचा संबंध त्या तिजोरीशी जोडला गेला. मला नुसतं यांत्रिक बटणांचं कुलूप हवं. बॅटरी नको. अंधारात बोटांनी चाचपून दाबता येतं, सराव केला तर तीन सेकंदांत. आत ट्यूब भरलेली, चेंबर रिकामं. बोला, आता काय हरकत?

वहिनी: ही मांडणी मला आवडली, आणि हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. फळीवरच्या बंदुकीपेक्षा ही शंभर पटींनी बरी. छोट्या सूचना आधी देते. नंबर वाढदिवसाचा नको, गॅरेजच्या दाराचा नको, आयपॅडचा तर नकोच. त्याच बटणांवर बोटं घासून ती चकचकीत होतात, म्हणून नंबर बदलत राहा. सराव करायचा तो रिकाम्या बंदुकीवर, आणि मुलगी घरात नसताना.

आता मोठी हरकत. आपण इतका वेळ बाहेरच्या माणसाबद्दल आणि लहान मुलाबद्दल बोलतोय. कुलूप दोघांनाही अडवेल, मान्य. पण या देशात बंदुकीने जाणारे निम्म्याहून जास्त जीव आत्महत्येत जातात. वर्षाला २७ हजारांच्या घरात. त्यांतले बहुतेक जण प्रौढ पुरुष, आणि पुष्कळांच्या बाबतीत बंदूक त्यांच्याच घरातली असते. कुलूप असलं तरी ते त्यांना उघडता येत होतं. तुमच्या मांडणीत एक माणूस असा आहे ज्याला तीन सेकंद लागतात आणि जो नेहमी भरवशाचा धरलाय. तो तुम्ही. कुलूप कुणाला अडवणार याचा तुम्ही बारीक विचार केलात, पण स्वतःला त्या यादीत घातलंच नाहीत.

भावोजी: वहिनी, हे मला लागलं. मी घर चालवतो, कर्ज फेडतो, आईबाबांचं बघतो. माझ्याबद्दल तुम्हाला अशी शंका यावी, असं मी कधी वागलोय? आणि तत्त्व म्हणूनही बोलायचं तर ज्याला जायचंच आहे त्याला कुलूप अडवतं का? तो दुसरा मार्ग शोधेल. त्याच्या दुःखावर इलाज करा, औषध द्या, बोलतं करा. बंदुकीला दोष देऊन काय साधणार?

वहिनी: लागेल हे माहीत होतं, आणि तरीही बोलले, कारण दुसरं कुणी तुमच्याशी हे बोलणार नाही. आपल्या घरांत तर नाहीच. तुम्ही तसे वागलात असं मी म्हणत नाही. अशी वेळ येणारी बहुतेक माणसं आधी तशी वागलेली नसतात. नोकरी जाते, खटला उभा राहतो, मूल दुरावतं, किंवा काही न घडताच मन खचतं. २००१ साली टेक्सासमध्येच, ह्यूस्टनला, जीवघेण्या प्रयत्नातून वाचलेल्या तरुणांना विचारलं होतं की ठरवल्यापासून कृती करेपर्यंत किती वेळ गेला. जवळजवळ चौथ्या हिश्शाने सांगितलं, पाच मिनिटांहून कमी. 'ज्याला जायचंच आहे' असा पक्का ठरलेला माणूस तुमच्या डोळ्यांपुढे आहे. मी ज्यांना बघते त्यांच्यातल्या बहुतेकांवर ती वेळ येते आणि निघून जाते. प्रयत्नातून वाचलेल्या दहांपैकी नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. पण बंदुकीच्या प्रयत्नातून दहातले नऊ वाचतच नाहीत. औषध द्यायचं, बोलतं करायचं तर माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी समोर असावा लागतो. त्या पाच मिनिटांत हाताशी काय होतं, यावर ते ठरतं.

म्हणून घरात करार हवा. तुम्ही धडधाकट असताना, आज केलेला. तुमच्या बायकोला वाटलं की बंदूक काही दिवस घराबाहेर असावी, तर तिने कारण द्यायचं नाही आणि तुम्ही विचारायचं नाही. टेक्सासमध्ये ओळखीच्या, कायद्याने बंदूक ठेवू शकणाऱ्या माणसाकडे ती ठेवायला द्यायला आडकाठी नाही. काही दुकानंही ठेवून घेतात. तोवर कुलपाचा नंबर तिने बदलायचा.

भावोजी: तिने बदलायचा. म्हणजे किल्ली तिच्या कनवटीला. तिला बंदूक हातातही धरायची नाही, आणि तिचा नंबर मला माहीत नाही. मग त्या दिवसांत घर कोण राखणार? तरीही मी हे मान्य करतो. कारण तुम्ही म्हणालात ते आज ऐकताना जेवढं अपमानाचं वाटलं, तेवढं ते रात्री पडल्या पडल्या आठवताना वाटणार नाही, असं दिसतंय. बाबांचं तर मी आधीच ठरवलंय. ते सहा महिने इथे असतात, अलीकडे त्यांना संध्याकाळनंतर घर ओळखू येत नाही. मागे एकदा ते मलाच 'कोण आहेस तू' म्हणून काठी घेऊन उभे राहिले. ते असतील तेव्हा बंदूक रिकामी, केबल लॉक लावलेला, काडतुसं माझ्या ऑफिसच्या कपाटात.

वहिनी: मग मला एक सांगा. ते सहा महिने तुम्ही बंदुकीवाचून झोपू शकता. आजोबा निवडणुकीत झोपायचेच. चोर काही बाबांच्या व्हिसाची तारीख बघून येत नाहीत. मग उरलेले सहा महिने का नाही?

भावोजी: कारण दोन धोके एकाच वेळी समोर असतात तेव्हा मी मोठा आधी बघतो. बाबा घरात असताना बाबांचा धोका मोठा. ते पुण्याला परतले की बाहेरचा मोठा. यात मला विसंगती दिसत नाही. पावसात आपण छत्री घेतो, मग उन्हाळ्यात का घेत नाही, असा कुणी जाब विचारत नाही.

वहिनी: पण पाऊस दिसतो, भावोजी. बाबांचं विसरणं तुम्हाला दिसलं कारण ते काठी घेऊन उभे राहिले. जे दिसत नाही त्याचं काय? सोळा वर्षांच्या मुलीच्या मनात काय चाललंय ते मला दिसत नाही, आणि मी रोज त्याच वयाची मुलं तपासते. धोक्याचं वजन करून बंदुकीची जागा बदलायची, ही तुमची पद्धत शहाणपणाची आहे. पण तिच्यात हे गृहीत धरलंय की वजन करणाऱ्याला प्रत्येक पारड्यात काय आहे ते कळतं. मला वाटतं ते कळत नाही, म्हणून मी नेहमीच जड कुलपाच्या बाजूने. तुम्हाला वाटतं बऱ्यापैकी कळतं. आपला खरा मतभेद इथे आहे. सेकंदांचा वाद आपण मघाशीच मिटवला.

भावोजी: मुलीचं तुम्हीच काढलंत, तर आता माझी खरी अडचण सांगतो. शाळेतून ती साडेतीनला घरी येते, आम्ही दोघं सहा-सातला. या घरात सगळ्यात जास्त वेळ एकटं कोण असतं? ती. घरफोडी भर दुपारीही होते. मी ज्या कारणासाठी बंदूक घेतली ते कारण कुणाला सगळ्यात जास्त लागू पडतं? तिलाच. तिने मागच्या महिन्यात सरळ विचारलं, 'बाबा, काही झालं तर मला नंबर माहीत नको का?' मी तिला रेंजवर नेलंय, ती माझ्यापेक्षा शांतपणे बंदूक हाताळते. नंबर दिला नाही, तर बंदूक फक्त मी घरी असताना घर राखते आणि तिला उघड्यावर सोडते. दिला, तर तुमच्या सगळ्या आकड्यांत जे वय सगळ्यात नाजूक आहे त्याच वयाच्या हातात मी कुलूप उघडून देतो. २०२० पासून या देशात एक ते एकोणीस वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे, हे तुम्हीच मला पाठवलं होतं. मिशिगनमध्ये ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये गोळीबार करणाऱ्या मुलाच्या आईबापांना २०२४ साली मनुष्यवधासाठी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली, तेही मी वाचलंय. मार्चमध्ये ती सतरा पूर्ण करेल. त्या दिवसापासून टेक्सासचं ते कलम तिला मूल धरत नाही. मीही धरायचं नाही का?

वहिनी: कलम सतराला थांबतं, तिचं वय थांबत नाही. माझं उत्तर नाही असंच आहे. नंबर देऊ नका. पण नुसतं नाही म्हणून मी मोकळी होत नाही, कारण ती साडेतीन ते सात एकटी असते हे तुमचं म्हणणं मला खोडता येत नाही. अलार्म, कॅमेरा, शेजारच्या घराची किल्ली, आतून बंद होणारी एक खोली आणि हातात फोन, एवढं तिला द्या. ते पुरेल का? बहुतेक वेळा पुरेल. नेहमी पुरेल असं मी लिहून देणार नाही.

भावोजी: आणि मी तिला नंबर दिला नाही आणि ती वेळ आलीच, तर?

वहिनी: तर आपण दोघंही आयुष्यभर ते विसरणार नाही. नंबर दिला आणि दुसरी वेळ आली, तरीही नाही. तिला एकदा नीट विचारा, भावोजी, की नंबर तिला कशासाठी हवाय. दुपारी घरात कसली भीती वाटते, कुणी काही बोललंय का, की नुसतं तुम्ही तिच्यावर विश्वास ठेवता हे तिला बघायचंय. तिच्या आईला शेजारी बसवा. आणि तिचं उत्तर पूर्ण ऐकून होईपर्यंत आकडा ठरवू नका.